पदार्थाचे कूळ विचारू नये

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपले जुने लोक सांगत. त्या यादीत पदार्थाचे नाव घालायचे मात्र ते विसरले, आणि त्यांच्या विसरण्याचा फायदा हल्ली भलतेच लोक घेऊ लागले आहेत. दिवाळी तोंडावर आली की या मंडळींना कंठ फुटतो. "मुलांना चकलीची चव राहिली नाही, घराघरांतून पास्ता शिजू लागला, पोळीची जागा पिझ्झ्याने घेतली, संस्कृती बुडाली!" हा आक्रोश लग्नाच्या पंगतीपासून लोकलच्या डब्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. समोरच्या बाकावर दुसरा पक्ष बसलेला असतो. बाटलीतला सॉस ओतला आणि पाकिटातला मसाला भुरभुरला की आपण रोमला जाऊन आलो, असे या पक्षाला वाटते. पहिल्याला जग घराबाहेर ठेवायचे आहे. दुसऱ्याला आपले घर जगाच्या दुकानात गहाण टाकायचे आहे.

मला या दोघांशीही भांडायचे आहे. सणासुदीला भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण स्वयंपाकघराविषयी भांडायचे तर दिवाळीसारखा दुसरा मुहूर्त नाही. याच दिवसांत घरातली बाई त्या खोलीत सर्वांत जास्त वेळ असते, आणि याच दिवसांत तिचे मत सर्वांत कमी विचारले जाते.

मी बदलापूरला राहते. आमच्या नगरपरिषदेचे पूर्ण नाव कुळगाव-बदलापूर. जुन्या काळी वाटसरू इथे थकलेले घोडे सोडून ताजे घोडे घेत, म्हणून हे बदलापूर, अशी कथा गावात सांगतात. व्युत्पत्तीचा निवाडा पंडितांनी करावा. मला आवडते ते एवढेच की या नावात 'कूळ' आणि 'बदल' शेजारी शेजारी नांदतात आणि मध्ये फक्त एक छोटीशी रेघ आहे. ही रेघ म्हणजे कुंपण, असे पहिल्या पक्षाचे म्हणणे. माझ्या मते तो उंबरठा आहे, आणि उंबरठा ओलांडण्यासाठीच असतो.

कुळाचा अभिमान मिरवणाऱ्यांनी आमच्यापासून एका स्टेशनावर असलेल्या अंबरनाथला जावे. तिथले शिवालय शके ९८२ मधले, म्हणजे इसवी सन १०६० चे. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते, आणि यात्रेहून परतलेले भाविक घरी उपासाचे काय खातात? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, उकडलेले रताळे, दाण्याची आमटी आणि चवीला हिरवी मिरची. ज्या पाथरवटांनी ते देऊळ घडवले त्यांनी यांतला एकही पदार्थ उभ्या जन्मात पाहिला नव्हता. बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि मिरची या चारही वस्तू अमेरिका खंडातल्या. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली, वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतले १५१० साली. त्यानंतरच या वस्तू आपल्या किनाऱ्याला लागल्या. तोवर तिखटासाठी मिरी होती. पाहुणीला नाव ठेवताना आपण मिरीवरूनच 'मिरची' म्हटले. 'बटाटा' हा शब्द तर पोर्तुगीजांकडून जसाच्या तसा घेतला.

साबुदाण्याची हकीकत याहून मजेची आहे. मूळचा साबुदाणा मलाया-इंडोनेशियाकडच्या सागू नावाच्या ताडाच्या गाभ्यापासून करीत. आपण आज खातो तो कसाव्याच्या कंदाचा, आणि कसावा दक्षिण अमेरिकेतला. १८८० ते १८८५ या काळात त्रावणकोरच्या गादीवर असलेल्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी या कंदाच्या लागवडीला उत्तेजन दिले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तामिळनाडूतल्या सेलमकडे त्याच्यापासून साबुदाणा करण्याचा धंदा वाढला. ब्राझीलकडचा कंद, मलायी नाव, सेलमचा कारखाना आणि आमची एकादशी! वरईचे तांदूळ आणि दही-तूप सोडले, तर उपासाच्या ताटातले बहुतेक सगळे समुद्र ओलांडून आलेले आहे. देवाने आजवर त्या ताटाचा पासपोर्ट विचारलेला नाही. विचारतात ती माणसे.

आता फराळाचे ताट पुढे ओढा. चिवड्यातले पोहे आपले. त्यातले शेंगदाणे, काजू आणि मिरची अमेरिकेकडची. शंकरपाळ्यांचा शंकराशी काही संबंध नाही; ते फारसीतल्या 'शकरपाऱ्या'चे मराठी रूप. आणि त्या 'शकर'चे मूळ पाहावे तर ती आपली संस्कृत 'शर्करा'. इथून ती इराणात गेली, अरबांकडे गेली, युरोपात जाऊन 'शुगर' झाली, आणि इकडे शंकरपाळ्यांत परत आली. जगाचा स्वयंपाक हा असा दिवाळीतल्या ताटांसारखा चालतो. आपले ताट शेजारी जाते, शेजारणीचे आपल्याकडे येते, आणि रिकामे ताट परत करू नये हा दोन्ही घरांचा नियम असतो.

यावर पहिला पक्ष म्हणतो, "ते सगळे जुने झाले, मुरले. आजचे परदेशी पदार्थ वेगळे." हा युक्तिवाद मला लोणच्याच्या बरणीपुढे बसून कैरीचा निषेध केल्यासारखा वाटतो. मुरायला कोणीतरी पहिल्यांदा बरणीत घालावे लागते. कोणा एका बाईने घरात पहिला बटाटा चिरला असेल, तेव्हा तिच्या सासूने काय म्हटले असेल याची कल्पना कोणालाही करता येईल. पण तिने तो चिरला, मोहरी-हळदीच्या फोडणीत टाकला, आणि तो आपला झाला. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. त्यांच्या दरबारच्या पाककृतींचा 'शरभेंद्र पाकशास्त्र' नावाचा संग्रह आहे, आणि त्यात इंग्रजी पद्धतीच्या पदार्थांचीही दखल आहे. मराठी राजाच्या मुदपाकखान्याला जे विटाळ वाटले नाही, ते आमच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकला वाटावे काय? आणि वडापाव? त्यातला बटाटा पोर्तुगीजांबरोबर आलेला, मिरची त्यांच्याबरोबर आलेली, पाव तर नावासकट त्यांचा. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली असे सांगतात. आज त्याला मराठी बाण्याचे प्रतीक म्हणून मिरवणारे लोकच पास्त्याच्या नावाने बोटे मोडतात!

परके अन्न आपले कसे होते, हे पाहायला आम्हाला फार लांब जावे लागत नाही. अंबरनाथच्या पलीकडे उल्हासनगर आहे. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकी तिथे रिकाम्या पडल्या होत्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली माणसे त्या बराकींत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिले. घर गेले, शेत गेले, गाव गेले; बायकांनी बरोबर आणली ती हातातली रीत. पालक, चण्याची डाळ आणि मिळेल ती भाजी एका भांड्यात शिजवून घोटायची, ती साई भाजी. कांदा घालून जाड लाटलेली, दोन दिवस टिकणारी कोकी. ताक न घालता बेसन भाजून चिंचेवर केलेली कढी. आज आमच्याकडच्या कित्येक मराठी घरांत रविवारी सकाळी दाल-पकवान येते, आणि माझ्या शेजारच्या काकू साई भाजीला 'आपली पालकाची डाळभाजीच ती' म्हणून मोकळ्या होतात. एका पिढीत निर्वासितांची भाजी 'आपलीच ती' झाली. संस्कृती बुडाली नाही. काकूंचा एक तास वाचला.

येथवर पहिल्या पक्षाचा समाचार झाला. दुसऱ्या पक्षाला वाटत असेल की ही बाई आपल्या बाजूची. तसे मुळीच नाही. यांचा अपराध मला अधिक मोठा वाटतो, कारण हे पदार्थ घेतात आणि त्याची रीत दुकानात ठेवून येतात.

रीत म्हणजे काय, ते आमच्या भागातली कोणतीही आदिवासी भाजीवाली सांगेल. पावसाच्या तोंडाला ती रानातून शेवळे घेऊन येते आणि सोबत काकडांची हिरवी फळे ठेवते. नवखे गिऱ्हाईक चार पैसे वाचवावे म्हणून नुसती शेवळे मागते. ती म्हणते, "बाई, काकडं घ्या, नाहीतर घसा धरेल." शेवळाची खाज मारायला काकड लागते, हे शेकडो पावसाळ्यांचे शहाणपण ती त्या शेवळांबरोबर देत असते. जो शेवळे घेतो आणि काकडे सोडतो, तो घसा खाजवत बसतो.

असा घसा एकदा अर्ध्या युरोपाने खाजवला आहे, आणि तो नुसत्या खाजेवर भागला नाही. मेक्सिकोकडचे लोक हजारो वर्षे मका खात आले. ते मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, मग धुऊन वाटतात आणि त्याच्या भाकऱ्या थापतात. युरोपने मका नेला, चुना नेला नाही. ही चुन्याची खटपट त्यांना अडाण्यांची वाटली असावी. मग अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत उत्तर इटलीतले गरीब शेतकरी, जे मक्याच्या घाट्यावरच जगत होते, ते पेलाग्रा नावाच्या रोगाने पिडले गेले. कातडी फाटे, पोट बिघडे, शेवटी बुद्धी भ्रमे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात हेच झाले. कारण पुढे कळले ते असे : मक्यातले नायसिन नावाचे जीवनसत्त्व शरीराला मिळेल अशा रूपात नसते, चुन्याने ते मोकळे होते. ज्या बायकांना रसायनशास्त्राचे अक्षर माहीत नव्हते, त्यांच्या हाताला ते माहीत होते.

पाकिटवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे. बाजारातल्या 'चटकन होणाऱ्या' पाकिटात पदार्थाचे नाव असते, चित्र असते, मीठ असते, मैदा असतो. रीत तेवढी नसते. ते वाईट आहे ते परदेशी म्हणून नव्हे. पाकिटातला मसालेभात आणला तरी माझे म्हणणे हेच राहील. त्यातून घरातल्या कोणाला काही करता येऊ लागत नाही; पाकीट संपले की पुन्हा पाकीट. याउलट गोव्यातल्या ख्रिस्ती घरांनी काय केले पाहा. वाइन आणि लसूण यांत मांस मुरवण्याचा पोर्तुगीज प्रकार त्यांनी घेतला, वाइनच्या जागी माडाच्या सुरेचे व्हिनेगर घातले, मिरची-मसाला वाटून लावला आणि त्याचे विंदालू केले. मुरवण्याची रीत घेतली, जिन्नस घरचे वापरले. घेणे याला म्हणतात.

आता प्रश्न 'सोपे'पणाचा. सोपा स्वयंपाक म्हटले की पुष्कळांची नाके मुरडतात. सोपे म्हणजे आळशी, असे त्यांचे समीकरण. अशांनी एकदा संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये बायकांच्या डब्यात डोकावावे. निदान आपल्या बायकोला विचारावे. मुंबईपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर. दिवसभर नोकरी करून निघालेली बाई मांडीवर पिशवी पसरून मटार सोलत असते, मेथी निवडत असते. तिला चौथी जागा मिळालेली असते, तीही अर्धी. घरी गेल्यावर पोळ्या, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर असा साग्रसंगीत पाच पदार्थांचा नेम आहे, आणि तो मोडला तर संस्कृती बुडते! ज्यांची संस्कृती या बाईच्या कमरेवर उभी आहे, त्यांनी सोपेपणाला आळस म्हणू नये. चकली मलाही आवडते. पण भाजणी करण्यात, ती दळून आणण्यात आणि तळणापुढे उभे राहण्यात कोणाचा दिवस जातो, हे विचारल्यावाचून चकलीची स्तुती करणे मला जमत नाही.

या बाईच्या मदतीला जग येऊ शकते, आणि तेही बदलापूरच्या वाण्याच्या दुकानातून. एकच उदाहरण देते. इजिप्तमध्ये रस्त्यावर आणि घरोघर कोशरी नावाचा पदार्थ खातात. 'कोशरी' हा आपल्या 'खिचडी'चाच अपभ्रंश असावा, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी अर्धा तास भिजवलेले अख्खे मसूर, मीठ आणि तीन वाट्या पाणी घालून कुकरला लावावेत. दुसऱ्या पातेल्यात मूठभर मॅकरोनी उकडावी. चार टोमॅटो, पाच-सहा लसणीच्या पाकळ्या, थोडे जिरे-तिखट आणि चमचाभर व्हिनेगर (नसल्यास लिंबू) यांचे दाटसर सार करावे. दोन कांदे उभे चिरून कुरकुरीत तळावेत. ताटात खाली मसूर-भात, त्यावर मॅकरोनी, त्यावर सार आणि वरून कांदा. पोटभरीचे जेवण तयार. डाळ आहे, भात आहे, पोळी नाही लाटली म्हणून कोणी उपाशी राहत नाही. हिला परदेशी म्हणून हाकलायचे, तर ती सासरहून माहेरी आलेली लेक आहे हे आधी ध्यानात घ्या.

आणखी किती सांगावेत! काबुली चणे मऊ शिजवून, भाजलेले तीळ, लसूण, लिंबू घालून वाटले की अरबांचे हुमुस होते. ते चटणीसारखे भाकरीला लावावे. इंडोनेशियात उकडलेल्या भाज्यांवर दाण्याचे दाट कालवण ओततात, त्याला गाडो-गाडो म्हणतात. ज्या घरात दाण्याचे कूट आहे त्या घराला ते परके कसे? जपानात आजाऱ्याला मऊ भाताची पेज देतात. ती आपल्या कोकणातल्या आजीला न शिकवता येते. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली मराठी घरांना वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक सांगितला, आणि नव्याने संसार मांडलेल्या मुलींना हायसे वाटले. पाककृती सोपी करून सांगणे म्हणजे तिला हलके लेखणे नव्हे. ती सर्वांच्या हाती देणे होय.

'सर्वांच्या हाती' म्हणाले ते मुद्दाम. माझा पेशा शिक्षकाचा. वर्गात मी दरवर्षी 'माझा आवडता पदार्थ' हा निबंध घालते. चाळीस वह्यांत चाळीस वेळा 'आईच्या हातची' किंवा 'आजीच्या हातची' हे शब्द असतात. त्या प्रेमाविषयी माझी तक्रार नाही. पण 'बाबांच्या हातची' हे शब्द पहिल्यांदा एका वहीत वाचायला मिळाले, आणि पदार्थ होता पास्ता. रविवारी बाप-लेक मिळून टोमॅटो चिरतात, लसूण परततात आणि आई वर्तमानपत्र वाचते, असे त्या मुलाने लिहिले होते. मी विचार करू लागले, की पुरणपोळी सोडून हा बाप पास्त्याकडेच का वळला असेल? उत्तर सोपे आहे. पुरणपोळी करायला गेला असता तर तिच्या मागे तीन पिढ्यांची सासुरवाडी उभी राहिली असती. 'आईसारखी झाली नाही' हे वाक्य ताटाशेजारी वाढलेलेच असते. पास्त्याच्या बाबतीत आईची चव कोणाच्याच जिभेवर नाही. तिथे सगळेच नवशिके, म्हणून कोणी कोणाला हसत नाही.

परक्या पदार्थाचा सर्वांत मोठा उपकार मला हाच दिसतो. परंपरेच्या दारातून ज्या पुरुषाला, ज्या मुलाला स्वयंपाकघरात शिरायचा धीर झाला नाही, तो या बाजूच्या दाराने आत येतो. एकदा आत आला, सुरी धरली, गॅस पेटवला, की पिठले-भात तिथून चार पावलांवर आहे. ज्यांना आपल्या पदार्थांची एवढी काळजी आहे, त्यांनी ते पदार्थ करणाऱ्या हातांची संख्या दुप्पट कशी होईल ते पाहावे. एका बाईच्या दोन हातांवर टिकलेली परंपरा त्या हातांबरोबर थकते. आणि पास्त्याने मराठी जेवण बुडेल असे भय ज्यांना वाटते, त्यांना मी एकच प्रश्न विचारते : तुमच्या घरी शेवळाची भाजी शेवटची कधी झाली? टाकळा, कुर्डू, करटुली घेऊन बसलेल्या बाईपुढून तुम्ही रोज जाता, कधी थांबलात? ती भाजी इटलीने हिरावून नेलेली नाही. ती तुम्हीच सोडली आहे.

तेव्हा कूळ विचारणे सोडा, आणि पानात येणाऱ्या प्रत्येक पदार्थाला, मग तो काहिराचा असो की कोल्हापूरचा, तीन प्रश्न विचारा. याची रीत आपण घेतली की नुसते नाव? याने करणारीचा हात हलका झाला की जड? आणि हा घरातल्या किती जणांना करता येतो? तिन्ही प्रश्नांना उतरला तो पदार्थ आपला. न उतरला तो सात पिढ्यांचा असला तरी त्याच्याविषयी पुन्हा विचार करावा लागेल.

भाऊबीज झाली की फराळाच्या डब्यांकडे कोणी ढुंकून पाहत नाही, आणि 'आज काहीतरी वेगळे कर गं' अशी मागणी सुरू होते. त्या दिवशी घरातल्या बाईने अंक उघडून खुर्चीत बसावे. मसूर भिजत घालायचे काम मुलाने करावे, कांदा बापाने चिरावा. डोळ्यांत पाणी येईल ते चांगलेच आहे. कांदा जरा करपला तरी चालेल. आजवर ज्या सुरेख, सोनेरी कांद्यावर आपण वाढलो, तोही कोणीतरी कधीतरी पहिल्यांदा करपवलेलाच होता.